फेररचनेचा सोस

मुलांच्या संरक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडच्या जाणत्या मंडळींचं एका गोष्टीवर चटकन एकमत होतं: यंत्रणेची फेररचना झाली पाहिजे. एखाद्या बालगृहातलं प्रकरण बाहेर येतं, एखाद्या तालुक्यात मांडवात बसलेली अल्पवयीन नवरी सापडते, चार दिवस वर्तमानपत्रांत ओरड होते आणि पाचव्या दिवशी कुणीतरी नवा आराखडा काढतो. 2009 मध्ये एकात्मिक बाल संरक्षण योजना आली. काही वर्षांत ती एकात्मिक बाल विकास सेवांच्या छत्राखाली जाऊन ‘बाल संरक्षण सेवा’ झाली. 2021-22 पासून तिचं ‘मिशन वात्सल्य’ झालं. मध्ये 2015 चा बाल न्याय कायदा आला, 2021 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार वाढले. 2023 मध्ये 1098 ही मदतवाहिनी स्वयंसेवी संस्थांकडून सरकारच्या ताब्यात गेली आणि 112 ला जोडली गेली. प्रत्येक वेळी पाट्या बदलल्या, लेटरहेडं बदलली, पोर्टलं बदलली. गेल्या वर्षी या घरात येऊन गेलेली कार्यकर्ती यंदा परत येणार आहे का, एवढा एक प्रश्न मात्र यातल्या कुठल्याही आराखड्याने स्वतःला विचारलेला दिसत नाही.

फेररचनावाद्यांची बाजू पडेल अशी नको मांडायला, त्यांच्याच जोमाने मांडू. ते म्हणतात, यंत्रणा माणसांवर अवलंबून असता कामा नये, ती पद्धतीवर चालली पाहिजे. पदरचना नेमकी असली, प्रत्येकाच्या कामाची व्याख्या झाली, प्रत्येक मुलाची नोंद पोर्टलवर असली, की आज एक माणूस आहे आणि उद्या दुसरा आहे याने काय बिघडतं? समाजकार्याच्या पदव्या घेतलेली पोरं-पोरी काय कमी आहेत? जागा निघाली की अर्जांचा ढीग पडतो. शिवाय गावोगाव अंगणवाडी सेविका आहेच, ग्राम बाल संरक्षण समिती आहे, तालुक्याला समिती आहे, जिल्ह्याला समिती आहे. आणि कर्मचाऱ्यांना कायम करा म्हणाल तर एकदा कायम झालेला माणूस काम करत नाही, हे काय आम्ही नव्याने सांगायला हवं? समाजकार्य हे व्रत आहे. ज्याला पगार आणि पेन्शन हवी त्याने तलाठी व्हावं. असं हे मत आहे. ऐकायला ठाशीव, व्यवहारी, खर्च वाचवणारं. आणि मुळापासून चुकीचं.

पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करू. केंद्राच्या आराखड्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षाला 12 पदं आहेत: एक जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, दोन संरक्षण अधिकारी, एक विधी तथा परिविक्षा अधिकारी, एक समुपदेशक, दोन सामाजिक कार्यकर्ते, एक लेखापाल, एक माहिती विश्लेषक, एक सहायक तथा डेटा एंट्री ऑपरेटर, आणि दोन क्षेत्रीय कार्यकर्ते. पुणे जिल्ह्यात 14 तालुके, क्षेत्रफळ 15 हजार चौरस किलोमीटरच्या वर, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 94 लाखांच्या वर. सिंधुदुर्गाची त्याच जनगणनेतली लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास. ढाचा मात्र एकच. म्हणजे जुन्नरच्या माळशेजापासून इंदापूरच्या भीमाकाठापर्यंत प्रत्यक्ष घरी जाऊन चौकशी करायची ती मुख्यतः दोन सामाजिक कार्यकर्ते आणि दोन क्षेत्रीय कार्यकर्ते यांनी. ज्यांनी हा तक्ता काढला त्यांनी मार्गासनी कुठे आहे हे नकाशात तरी पाहिलं असेल का? सातारा रस्त्यावरून नसरापूरला आत वळायचं, वेल्ह्याच्या रस्त्याने मार्गासनी गाठायची, तिथून एक वाट साखर-गुंजवण्याकडे राजगडाच्या पायथ्याला जाते आणि दुसरी पुढे तोरण्याच्या अंगाने वेल्ह्याला. हा झाला डांबरी रस्त्याचा भाग. वाड्या-वस्त्या त्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत, काही केळदच्या बाजूला घाटमाथ्यापर्यंत. 2024 मध्ये मंत्रिमंडळाने या वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. नामांतराला आमचा आक्षेप नाही. तालुक्याचं नाव बदलायला जेवढी चपळाई दाखवता आली तेवढी तालुक्याला मुलांसाठी एक कायमचा माणूस द्यायला का दाखवता येत नाही, एवढंच विचारायचं आहे.

आता हे काम नेमकं काय असतं ते बघू, कारण आराखडेकारांचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे आणायचं. सामाजिक तपासणी 15 दिवसांत पुरी व्हावी, म्हणजे समितीला पहिल्या दिवसापासून चार महिन्यांत अंतिम आदेश देता येईल, असं कायदा सांगतो. या तपासणीचा छापील नमुना आहे. त्यात कुटुंबाची माहिती, घराची स्थिती, उत्पन्न, शाळा, सवयी, नातेसंबंध असे रकाने आहेत. रकाने कुणीही भरू शकतो, हे फेररचनावाद्यांचं म्हणणं बरोबरच आहे. भरतातही. पण समजा, डोंगराकडच्या एखाद्या कातकरी वाडीवर कार्यकर्ती गेली. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. शाळेच्या हजेरीपटावर एक मुलगी जानेवारीपासून गैरहजर. कार्यकर्तीने आईला विचारलं, मुलगी कुठं आहे? उत्तर येणार: “मामाकडं गेलीया.” पहिल्या भेटीत हे उत्तर रकान्यात जातं आणि रकाना भरतो. दुसऱ्या भेटीत कार्यकर्तीला घरात बसायला पाट मिळतो आणि मामाच्या गावाचं नाव कळतं. तिसऱ्या भेटीत म्हातारी आजी हळूच सांगते की मामा वगैरे काही नाही, पोरीला दिली आहे. महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झाली होती असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. त्यातल्या बहुतेक मुली कागदोपत्री कधीतरी ‘मामाकडे’च गेलेल्या असणार. तिसरी भेट ही या कामातली खरी भेट असते, आणि पहिल्या दोन भेटी देणारी व्यक्तीच ती देऊ शकते. कार्यकर्ती बदलली की मोजणी पुन्हा एकपासून. नव्या बाईपुढे आई तेच म्हणणार, मामाकडं गेलीया.

म्हणूनच ‘माहिती पोर्टलवर आहे, माणूस बदलला तरी चालतं’ हे वाक्य ज्या आत्मविश्वासाने उच्चारलं जातं त्याचं नवल वाटतं. पोर्टलवर काय असतं? मुलाचं नाव, वय, आदेशाची तारीख, बालगृहाचं नाव, पुढच्या आढाव्याची तारीख. हे सगळं हवंच. ट्रॅक चाइल्डसारख्या नोंदींमुळे हरवलेली मुलं सापडण्यास मदत होते, हे नाकारण्याचं कारण नाही. पण सावत्र बाप दारू पिऊन आला की मूल कुठल्या घरी झोपायला जातं, कुठल्या चुलत्याचा शब्द घरात चालतो, शेजारच्या कुठल्या बाईला विचारलं तर खरं कळेल आणि कुणाला विचारलं तर बोंब होईल, याचा रकाना कुठल्या पोर्टलवर आहे? आणि असता, तरी तिथं ते लिहावं का? ही माहिती कार्यकर्तीच्या डोक्यात असते आणि ती गेली की तिच्याबरोबर जाते. जाताना ती कुणाला तरी समजावून सांगेल म्हणावं, तर बहुतेक वेळा एका माणसाचा करार संपतो आणि पुढचा रुजू होतो त्यात महिने जातात. हस्तांतर कुणी कुणाला करायचं? रिकाम्या खुर्चीला?

मग येते अंगणवाडी सेविका. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कुठल्याही प्रश्नावर हे रामबाण उत्तर आहे. पोषण तिच्याकडे, लसीकरणाला हातभार तिचा, सर्वेक्षण तिचं, मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर तिचा, आणि ग्राम बाल संरक्षण समितीची सदस्य सचिवही तीच. या समितीचा अध्यक्ष सरपंच. गावातलं बालविवाह प्रतिबंधक अधिकारीपद ग्रामसेवकाकडे, त्याच्या मदतीला पुन्हा सेविका. आता सांगा, ज्या बाईला त्याच आळीत राहायचं आहे, जिचा दीर त्याच भावकीत आहे, जिच्या अंगणवाडीच्या खोलीची दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या मर्जीवर आहे, तिने सरपंचाच्या पुतणीचं लग्न थांबवायला सरपंचाच्याच अध्यक्षतेखालची बैठक बोलवायची? असा डोंगर जिच्या डोक्यावर ठेवायचा तिला सरकार कर्मचारीसुद्धा म्हणत नाही. ती ‘मानधनी’ आहे. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभरातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या आणि जानेवारीच्या अखेरीपर्यंत अंगणवाड्या बंद राहिल्या. तिला ग्रॅच्युइटी लागू होते एवढं मान्य व्हायला एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. सेविका खरोखर काय करू शकते, तर ती एक फोन करू शकते. गावाबाहेरच्या, तालुक्यातल्या, ओळखीच्या, भरवशाच्या माणसाला दबक्या आवाजात सांगू शकते की, ताई, परवा साखरपुडा आहे, माझं नाव येऊ देऊ नका. असे फोन नंबर पाहून होत नाहीत, माणूस पाहून होतात. तो माणूस दीड वर्षात बदलणार असेल तर सेविका कुणाला फोन करेल? तिने गप्प बसलेलं बरं, असं तिला वाटलं तर दोष कुणाचा? सेविकेला पुढे करून कार्यकर्त्याची गरज नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की कार्यकर्ता टिकला नाही तर सेविकेचाही उपयोग होत नाही.

अर्जांच्या ढिगाचा युक्तिवाद तर चक्क बाजारू आहे. अर्ज पुष्कळ येतात ही गोष्ट खरी. महाराष्ट्रात समाजकार्याचं शिक्षण नवं नाही. मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावाने 1936 मध्ये सुरू झालेली शाळा पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था 1963 पासून आहे. दर वर्षी पदवीधर बाहेर पडतात आणि नोकरी नसल्यामुळे ते जिथे जागा दिसेल तिथे अर्ज करतात. पण अर्ज येणं आणि माणूस राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येणाऱ्याला मिळतं काय? मिशन वात्सल्यच्या आराखड्यात सामाजिक कार्यकर्त्याला महिन्याला 18,536 रुपये आणि क्षेत्रीय कार्यकर्त्याला 10,592 रुपये आहेत. 2014 च्या सुधारित दरांत हेच आकडे 14,000 आणि 8,000 होते. बेरीज-वजाबाकी करणाऱ्याच्या ध्यानात येईल की सगळ्यांना सरसकट 32.4 टक्के वाढ दिली. कुणाचं काम किती अवघड, कुणी किती वर्षं काढली, कोण डोंगरात फिरतो नि कोण टेबलाशी बसतो, याचा विचारच नाही. आठ वर्षांत डाळ, तेल, खोलीभाडं आणि पेट्रोल किती चढलं याचा हिशोब ज्याने त्याने घरी करावा. गंमत पुढे आहे. त्याच मिशनखालच्या मदतवाहिनीच्या जिल्हा कक्षात समुपदेशकाला 23,000 रुपये आहेत आणि संरक्षण कक्षातल्या समुपदेशकाला 18,536. एकच योजना, एकच जिल्हा, एकच पात्रता, एकच रडणारं मूल. मग संरक्षण कक्षातला समुपदेशक मदतवाहिनीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसला तर त्याला समर्पण कमी पडलं म्हणायचं का? आणि 10,592 रुपयांत मोटारसायकलवर भोर-वेल्हे फिरणाऱ्या पोराने शिरवळच्या एखाद्या कारखान्यात शिफ्ट धरली, तर तो व्रतभ्रष्ट झाला का?

व्रताचं म्हणाल, तर ते नेहमी दुसऱ्याने घ्यायचं असतं. आराखडा लिहिणारा सल्लागार व्रतावर काम करत नाही. प्रशिक्षणाचं कंत्राट घेणारी कंपनी व्रतावर काम करत नाही. पोर्टल बांधणारा तर नाहीच नाही. व्रत फक्त त्याच्यासाठी, जो नसरापूरला एसटीतून उतरून वाडीपर्यंत चालत जातो.

‘कायम केलं की काम करत नाहीत’ हे मत सर्वांत लोकप्रिय, म्हणून त्याचा समाचार थोडा सविस्तर घ्यायला हवा. सरकारी खुर्चीत उबणारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी वकिली करण्याची आमची इच्छा नाही. पण हा न्याय लावायचा तर सगळीकडे लावा. तहसीलदार कंत्राटी करा, न्यायाधीश कंत्राटी करा, उपअभियंत्याला अकरा महिन्यांच्या करारावर धरणाच्या कामावर पाठवा. ते कुणी म्हणत नाही. कारण तिथं सर्वांना कळतं की ज्याला उद्या इथं असायचंच नाही तो आजच्या सहीला जबाबदार कसा राहील? मुलांच्या बाबतीत नेमकं हेच घडतं. ज्येष्ठात कुणी तपासणी अहवाल लिहिला, मुलाला घरी पाठवण्याची शिफारस केली, श्रावणात त्याचा करार संपला आणि भाद्रपदात मूल पुन्हा रस्त्यावर सापडलं. समितीने जाब विचारायचा कुणाला? कंत्राटामुळे जबाबदारी वाढते म्हणणाऱ्यांनी हे कोडं सोडवून दाखवावं. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत तर याची किंमत फार मोठी असते. पोक्सो कायदा म्हणतो की दखल घेतल्यापासून मुलाची साक्ष 30 दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात संपावा. प्रत्यक्षात खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात. 2020 च्या नियमांत पीडित मुलाला तपासापासून खटल्यापर्यंत साथ देणारी सहाय्यक व्यक्ती नेमण्याची सोय आहे, ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर भर दिला. पण जी मुलगी दहाव्या वर्षी एका ताईला धीर करून सगळं सांगते, तिला साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या ओट्यावर तिसरीच बाई भेटली तर ‘साथ’ कोणती राहिली? तिने तेच सगळं प्रत्येक नव्या चेहऱ्यापुढे उगाळत बसायचं?

आणि कायदेशीर ढाल म्हणून जिचा वापर होतो त्या ‘उमादेवी’ निकालाचंही ऐकून घ्या. 2006 च्या त्या निकालाने मागच्या दाराने केलेल्या नेमणुका कायम करायला मनाई केली, हे ठीकच. पण वर्षानुवर्षं कायमस्वरूपी काम करणाऱ्यांना तात्पुरतं ठेवण्यासाठी त्याचा आडोसा घेतला जातो, असं सर्वोच्च न्यायालयानेच डिसेंबर 2024 मध्ये ‘जग्गो’ प्रकरणात बजावलं. बाल संरक्षण हे काम तात्पुरतं आहे, असं तर कुणी म्हणणार नाही ना? की पुढच्या पंचवार्षिकात मुलं संपणार आहेत?

मग बाहेरच्या देशांचे दाखले येतात. इंग्लंडात म्हणे फेररचनेने कायापालट झाला. इंग्लंडचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. तिथं व्हिक्टोरिया क्लिंबिए नावाच्या आठ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर 2003 मध्ये लॉर्ड लॅमिंग यांचा अहवाल आला, नियम वाढले, फॉर्म वाढले, मुदती वाढल्या. 2007 मध्ये पुन्हा ‘बेबी पी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बाळाच्या मृत्यूचं प्रकरण झालं. शेवटी 2011 मध्ये प्राध्यापिका आयलीन मन्रो यांनी सरकारच्या सांगण्यावरून आढावा घेतला, आणि त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की यंत्रणा नियम पाळण्यात इतकी गुंतली आहे की मुलाकडे बघायला कुणाला सवड नाही. लंडनमधल्या हॅकनी या भागातल्या ज्या फेररचनेचं कौतुक होतं तिने काय केलं? लहान गट केले, गटाच्या प्रमुखपदी अनुभवी समाजकार्यकर्ता बसवला आणि तो वरच्या मजल्यावर न जाता कुटुंबांत जात राहिला. कागदपत्रांसाठी गटाला स्वतंत्र माणूस दिला, आणि कुटुंब एकट्याच्या नव्हे, गटाच्या ओळखीचं राहील हे पाहिलं. म्हणजे अनुभवी माणूस टिकावा म्हणून आराखडा बदलला. आपल्याकडे आराखडा टिकावा म्हणून माणसं बदलतात. फरक लक्षात घ्या आणि मग हॅकनीचं नाव घ्या.

आकडेच हवे असतील तर अमेरिकेतल्या मिलवॉकीचे घ्या. 2005 मध्ये तिथल्या पाहणीत दिसलं की ज्या मुलांना पूर्ण काळ एकच कार्यकर्ता लाभला त्यांच्यापैकी 74.5 टक्के मुलांना कायमचं घर मिळालं. दोन कार्यकर्ते झाले तिथं हे प्रमाण 17.5 टक्क्यांवर घसरलं. कुणी चतुर वाचक लगेच म्हणेल की हा उलटा तर्क आहे, ज्या मुलाचं प्रकरण अवघड ते जास्त काळ रेंगाळतं आणि जास्त काळ रेंगाळलं की साहजिकच कार्यकर्ते बदलतात. आक्षेप रास्त आहे आणि दरीचा काही भाग त्याने भरून निघेलही. पण 74 वरून एकदम 17 वर येणारी सगळी दरी एवढ्याने भरते असं मानायला फार मोठी श्रद्धा लागेल. शिवाय अवघड प्रकरणांतच कार्यकर्ते बदलत असतील, तर ज्या मुलांना ओळखीच्या माणसाची सर्वांत जास्त गरज त्यांनाच तो सर्वांत कमी मिळतो, असा त्याचा अर्थ झाला. हे फेररचनावाद्यांच्या बाजूचं कसं म्हणायचं?

1098 चं उदाहरण जवळचं आहे. 1996 मध्ये मुंबईत टाटा संस्थेचा प्रकल्प म्हणून चाइल्डलाइन, म्हणजे हीच मदतवाहिनी, सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. पुण्यात डॉ. अनुराधा सहस्रबुद्धे यांच्या ज्ञानदेवी संस्थेने ती वर्षानुवर्षं चालवली. अडचणीतल्या मुलाला वाचवणं ही शासनाची जबाबदारी आहे, देणगीवर चालणाऱ्या संस्थेची नाही, हे तत्त्व आम्हालाही मान्य. पण जबाबदारी घ्यायची म्हणजे अनुभव टाकून द्यायचा का? कुठल्या पोलीस चौकीत कुणाशी बोलावं, स्टेशनवर पळून आलेलं मूल पहिल्या तासात काय खोटं सांगतं आणि दुसऱ्या तासात काय खरं, हे ज्यांना वीस-वीस वर्षांत कळलं त्यांना सामावून घेणारं एक पान जरी त्या हस्तांतरात असतं तरी बोलायला जागा उरली नसती. नव्या कक्षासाठी नव्या जाहिराती निघाल्या, नवी पदं, नवे करार. शहाणपण पगारपत्रकावर दिसत नाही, म्हणून त्याचं हस्तांतर करावं असं कुणाला सुचलं नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा. पैसा कुठून आणायचा? केंद्र आणि राज्य 60 आणि 40 टक्के वाटून घेतात, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हिशोब करून पाहा. आताच्याच दरांनी एक सामाजिक कार्यकर्ता आणि एक क्षेत्रीय कार्यकर्ता यांचा वर्षाचा पगार होतो 3 लाख 49 हजार 536 रुपये. पगार दुप्पट केला, तरी सात लाखांच्या आत. भोर आणि वेल्हे मिळून 2011 ची लोकसंख्या सुमारे 2 लाख 40 हजार. म्हणजे या दोन तालुक्यांसाठी दोन पूर्णवेळ माणसं, दुप्पट पगारावर, दर माणशी वर्षाला तीन रुपयांच्या आत पडतात. प्रवासभत्ता नि नसरापूरला एक खोली धरली तरी रक्कम फार फुगत नाही. त्यासमोर त्याच माणसांची दर दीड-दोन वर्षांनी जाहिरात, मुलाखती, प्रशिक्षण, रिकामे महिने आणि चुकीच्या अहवालांमुळे पुन्हा पुन्हा समितीपुढे येणारी मुलं यांचा खर्च मांडला आहे कुणी? बाल संगोपन योजनेत राज्य एका मुलामागे महिन्याला 2,250 रुपये देतं. कोविडनंतर त्या अर्जांची रीघ लागली. प्रत्येक अर्जाला गृहचौकशी लागते. चौकशीला माणूस नाही म्हणून अर्ज पडून राहिला तर वाचलेले पैसे कुणाच्या ताटातले असतात?

तेव्हा पुढचा आराखडा काढण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी काढावा. पण त्याच्या पहिल्या पानावर पदांचा तक्ता नको. जिल्ह्यातल्या प्रत्येक पदावर मागच्या दहा वर्षांत किती माणसं आली, किती काळ राहिली आणि का गेली, हे पहिल्या पानावर लिहा. मग भोर आणि वेल्ह्यासाठी पुण्यात नव्हे, नसरापूर किंवा वेल्ह्यात बसणारा आणि किमान पाच वर्षं हलवला न जाणारा सामाजिक कार्यकर्ता नेमा, जोडीला तसाच एक क्षेत्रीय कार्यकर्ता. प्रत्येकाला वेतनश्रेणी द्या, वर्षागणिक वाढ द्या, डोंगरातल्या प्रवासाचा भत्ता द्या, एका वेळी किती मुलं त्याच्याकडे असतील याची मर्यादा ठरवा आणि ती मोडली तर जिल्हाधिकाऱ्यांना जाब विचारा. तो कामचुकार निघाला तर त्याला काढा, त्याचीही नियमावली करा, आमची ना नाही. फक्त चांगला निघाला तर त्याला राहू द्या. एवढं करायला कायदा बदलावा लागत नाही, मिशनचं नाव बदलावं लागत नाही, नवं पोर्टलही लागत नाही. दोन नेमणूकपत्रं लागतात, ज्यांच्यावर संपण्याची तारीख नसेल.